चढावर न दाखवलेली मोटार

महालिंगा,

तुला मातीत ठेवून आलो त्या दिवसापासून माणसं येतायत, ओसरीवर टेकतायत आणि एकच वाक्य बोलून उठतायत, नशिबात होतं. जंगमस्वामी तेच म्हणाले. माजलगावचे व्यापारी तेच म्हणाले. काल मागच्या आळीची म्हातारी काठी टेकत आली, तिनंही तेच ऐकवलं. मी सगळ्यांपुढे पाणी ठेवते आणि मान खाली घालून बसते. मान वर केली तर तोंडातून भलतंच निघेल. नशिबात काही नव्हतं रे. जे होतं ते मोटारीत होतं, आणि ते आपल्याला दिसत होतं.

मला अजून नीट रडू आलेलं नाही. तुझी बायको गिरजा रडते, आई रडते, तुझी शांता बापाच्या टोपीत तोंड घालून रडते. मी गोठ्यात जाते, बैलांना वैरण टाकते आणि तुझ्याशी भांडते. आज ते भांडण कागदावर काढायला बसले आहे. ही अक्षरंही तुझीच. प्लेगात माझा नवरा गेला आणि मी माघारी आले तेव्हा घरात जो तो मला बघून डोळ्याला पदर लावायचा. तू एवढासा होतास. तू पाटी घेऊन आलास आणि म्हणालास, अक्का, मास्तरानं मला शिकवलं, मी तुला शिकवतो. पुढे माजलगावच्या शाळेत उर्दू शिकायला लागलास, तरी सुट्टीला आलास की दुकानातल्या पुड्यांचे कागद सरळ करून माझ्याकडून मराठी वाचून घ्यायचास. तेव्हा तुझा विचार काय होता माहीत नाही, पण त्या अक्षरांनी मला या घरात माणूस म्हणून उभं केलं. आता त्याच अक्षरांत मी तुझी खरडपट्टी काढणार आहे. ऐकून घे.

तुला फसवणं सोपं नव्हतं. तेलगावच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कापसाची गाडी दारात लागली की तू वरचा पांढराशुभ्र कापूस बघायचासही नाहीस. सदरा वर सारून कोपरापर्यंत हात आत खुपसायचास आणि मूठभर कापूस बाहेर काढून नाकाला लावायचास. पाणी मारलेला असला की विकणाऱ्याकडे बघून नुसता हसायचास, आणि तो बिचारा बैल वळवायचा. मी शेताकडे बघायचे, तू दुकानाकडे. बैल मी निवडायचे, कापूस तू. आपण दोघांनी मिळून फक्त एकच वस्तू घेतली, ती ही मोटार. आणि तिच्यात तू हात घातला नाहीस.

आईसाठी घेतलीस, हे मी नाकारत नाही. विहिरीच्या पायरीवर पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं, त्यानंतर तिला बैलगाडी सोसेना. चाक दगडावरून गेलं की ती ओठ चावायची. परळीच्या वैजनाथाला जायचं तिचं मन होतं, आणि ती ते बोलून दाखवत नव्हती म्हणून तुला जास्त लागायचं. त्यात तुझ्या कानावर आलं की गेवराईकडच्या एका देशमुखाची मोटार विकायला निघाली आहे. झालं. जेवताना मोटार, दुकानात मोटार. बीडला जाऊन एका ड्रायव्हरकडून चालवायलाही शिकून आलास. मला म्हणालास, तू चल, तुझ्या पसंतीनं घेऊ.

माझ्या पसंतीनं. हे शब्द आठवले की अंगाचा तिळपापड होतो.

आदल्या दिवशी आपण गेवराईत मुक्काम केला आणि सकाळी लवकर देशमुखाच्या गढीवर गेलो. देशमुख बाहेर आलाच नाही. त्याचा कारभारी आला, गोड बोलणारा, पान खाल्लेला. त्याचं नाव मी आता या घरात कोणाला घेऊ देत नाही. लिंबाखाली मोटार उभी होती. हिरवीगार, नव्या नवरीसारखी. तुझे डोळे तिथंच हरले, ते मला बाजूला उभं राहून कळलं.

कारभारी म्हणाला, आठवडा झाला, मोटार जागची हललेली नाही. मी पुढच्या झाकणावर हात ठेवला. जनावराला आधी हात लावायची सवय, दुसरं काही नाही. झाकण कोमट होतं. मी तुला हळूच म्हणाले, "महालिंगा, हे ऊन लागतंय." तू म्हणालास, उन्हाला उभी आहे की. सकाळच्या पारी, लिंबाच्या सावलीत कसलं ऊन? आपण यायच्या आधी तिला तापवून ठेवली होती. म्हणून तर हँडलच्या पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि तू माझ्याकडे असा बघितलास, जणू पोरगा पहिल्या नंबरानं पास झाला.

खाली राख पसरलेली होती. मी विचारलं, राख कावून टाकली? कारभारी म्हणाला, मुंग्या लई झाल्यात. मी पायानं राख सारली तर खाली तेलानं माती काळी झालेली. तेही तुला दाखवलं. रंगाचे ओघळ टायरांवर उतरून वाळले होते, म्हणजे कोणीतरी घाईनं फासला होता. देशमुखसाहेब फक्त सणासुदीला गाडी काढतात, असं तो सांगत होता, आणि पायाखाली जिथं दाबायचं तिथलं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. सणासुदीला एवढं झिजतं का रे? मी वाकून खाली बघितलं. जे कोणाला कधी दिसत नाही त्या खालच्या गजांनाही दाट काळा रंग मारलेला. आपला बाप सांगायचा ते मी तुला तिथंच सांगितलं, की ज्या बैलाच्या खांद्याला तेल हळद लावून आणलंय त्याचा खांदा आधी धुऊन बघायचा.

तू चिडलास. "अक्का, हे काय जनावर हाय का दात बघायला?"

कारभारी हसला. तू त्याच्याबरोबर हसलास. ते मला जास्त लागलं.

मी एवढंच म्हणाले, नदीकडच्या उतारावर नेऊन आणा, वर चढवा, खाली उतरवा, मग बोलू. कारभाऱ्यानं सांगितलं, आज पेट्रोल कमी आहे, इथं पटांगणात दोन फेऱ्या मारून दाखवतो. शिवाय बीडचे एक साहेब परवा बघायला येणार आहेत. तेवढं ऐकलंस आणि तू हात पुढे केलास. कापसाच्या व्यापाऱ्यानं दुसरं गिऱ्हाईक दारात आहे हे ऐकून हात पुढे केला! तू स्वतः हीच थाप दिवसातून कितीदा परतवून लावायचास.

परतताना तू स्वतः चालवत होतास आणि मी मागं बसले होते. तेलगाव येईपर्यंत मी बाहेरची शेतंच बघत आले. तू वेशीपाशी भोंगा वाजवलास, पोरंसोरं धावली, आई दारात भिंतीला धरून उभी होती. तिला बघून माझाही राग निवला, हे खरं आहे आणि ते लिहून ठेवते.

परळीचा दिवस मी विसरणार नाही. तू मागच्या गादीवर आईसाठी घोंगडी घातलीस, पाठीला उशी दिलीस, शांताला सांगितलंस आजीचा हात सोडायचा नाही. सिरसाळ्याच्या पुढं गेल्यावर आईनं मला विचारलं, "चंद्रे, आपण चाललोय ना गं? का हुबं हाय?" तिला हादराच बसत नव्हता. तू पुढून मागं न बघता हसलास, तुझे खांदे हलताना मला दिसले. देवळाच्या पायऱ्या तू तिला पाठीवर घेऊन चढलास. लिंगापुढं तिनं डोकं टेकलं आणि किती तरी वेळ उचललंच नाही. त्या दिवसासाठी, महालिंगा, मी तुझ्या पाया पडेन. मोठी असून पडेन. पण तो सगळा रस्ता सपाट होता. वाटेत ना चढ, ना उतार. मोटारीनं त्या दिवशी तुला काही विचारलंच नाही.

मग धारूर. गिरजाच्या मावशीकडे बारसं होतं. कापूस वेचायला बायका आलेल्या म्हणून मी थांबले. तू, गिरजा, आई आणि शांता निघालात. घाट चढून गेलात, बारसं झालं, उतरताना दुसऱ्या वळणाच्या वर पायातला ब्रेक निकामी झाला. हातातला ओढलास, तोही धरेना. डाव्या हाताला दरी होती आणि उजवीकडे डोंगर. डोंगर तुझ्या बाजूला होता. गिरजा सांगते, तू ओरडला नाहीस. "धरून बसा" एवढं म्हणालास आणि मोटार डोंगरावर घातलीस, स्वतःच्या बाजूनं. आईचा खांदा निखळला, शांताच्या कपाळाला खोक पडली, गिरजाचं मनगट मोडलं. तिघी जगल्या. तू दगड आणि हातातलं चाक यांच्यामध्ये अडकलास.

गाव तुला शूर म्हणतं. असशील. मीही मानते. पण शूर व्हायची वेळ तू स्वतःवर का आणलीस, हे कोणी विचारत नाही. मी विचारते.

मोटार घाटातून ओढून आणायला माझेच बैल गेले. मीही गेले. सगळे म्हणत होते बाईमाणसानं तिथं कशाला जायचं. कलंडलेली मोटार बाजूवर पडली होती, तिचं पोट उघडं होतं. मी तो काळा रंग फासलेला ब्रेकचा गज बघितला. मधोमध तुटलेला. नखानं रंग खरवडला तर आत तार गुंडाळलेली निघाली, गंजकी, घट्ट पीळ दिलेली. तुटलेला गज कोणीतरी तारेनं बांधला होता आणि वर रंग फासला होता. नवा तुटला नव्हता तो. जुनाच तुटलेला होता, तुझ्या हातात यायच्या आधीपासून. चढावर नेली असती, उतरवताना जोरात दाब दिला असता, तर ती तार गेवराईच्या नदीकाठीच सुटली असती. तू शिव्या देत पायी परत आला असतास.

आणि मग तो कारभारी दुखवट्याला आला. खांद्यावर स्वच्छ उपरणं, चेहरा पाडलेला. ओसरीवर बसून म्हणाला, लई वाईट झालं, भला माणूस गेला. मी त्याला पाणी दिलं नाही. म्हटलं, चला, एक दाखवायचंय. गोठ्यात नेलं, मोटारीजवळ बसवलं आणि त्याचा हात धरून त्याचं बोट त्या तारेवर ठेवलं. परक्या पुरुषाचा हात मी जन्मात धरला नव्हता. विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

त्यानं हात सोडवून घेतला. खोटंसुद्धा बोलला नाही. म्हणाला, "अक्का, तुमच्या भावानं इचारलं न्हाई."

गोठ्यात दोन बैल रवंथ करत होते. मला वाटलं त्याला दावणीला बांधावं. मी इतकंच म्हणाले, उठा, आणि या वेशीत पुन्हा दिसू नका. तो गेला. पण त्याचं वाक्य गेलं नाही. ते सकाळी माझ्याबरोबर उठतं. तू विचारलं नाहीस. मी विचारत होते तर तू मला गप्प केलंस. आणि त्या माणसाला हे पुरेसं वाटतं, की ज्यानं विचारलं नाही तो मेला तर मेला.

आजची गोष्ट आता सांगते, म्हणजे हे सगळं का उकरून काढलं ते तुला कळेल.

गिरजाचा भाऊ शिवाप्पा तुझे दिवस झाल्यापासून इथंच आहे. त्याच्या मनात खोट आहे असं मी म्हणणार नाही. बहिणीचं आणि भाचीचं बघायला आलाय. मोटार डोळ्यांपुढे नको असं गिरजा म्हणत होती, म्हणून त्यानं लोहाराला बोलावून पत्रा ठोकून घेतला, गज जोडून घेतला आणि हिरवा रंग आणून दोन दिवस गोठ्यात स्वतः फासत बसला. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, जशी हाय तशी कोण घेणार?

आज सकाळी कड्याहून एक पाटील आले. इतक्या लांबून, बीडपर्यंत भाड्याच्या मोटारीनं आणि पुढं टांग्यानं. बरोबर बायको, दिवस भरत आलेले, आणि डोळ्यांनी अधू झालेला बाप. बापाला नगरला डॉक्टरकडे न्यायचं असतं, म्हणून मोटार हवी. पाटील चांगला माणूस. मोटारीभोवती फिरला, हिरव्या रंगावरून हात फिरवला आणि त्याचे डोळे तिथंच हरले. तसेच, तुझ्यासारखे. शिवाप्पानं हँडल मारलं, पहिल्या झटक्याला सुरू. त्यानंही पहाटे तापवून ठेवली होती, महालिंगा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. विकायला उभं राहिलं की माणसाला हे आपोआप सुचतं की काय?

पाटलांनी काही विचारलं नाही. म्हणाले, पसंत हाय.

मी दारात उभी होते. पाटलीणबाई ओसरीवर टेकल्या होत्या, पोटावर हात ठेवून. मी खाली उतरले आणि म्हणाले, "पाटील, हात काढा रंगावरनं. माझा भाऊ ह्या मोटारीत मेला."

शिवाप्पानं मला हाक मारली. मी थांबले नाही. त्यांना झाकणावर हात ठेवायला लावला, आणि ते ऊन का लागतं ते सांगितलं. पायाखालचं झिजलेलं लोखंड दाखवलं. वाकायला लावून जोडलेला गज दाखवला, तिथं आधी काय होतं ते सांगितलं. म्हटलं, ही घेऊच नका, आणि दुसरी कुठली घ्याल तर सकाळी अचानक जा, विकणारा दाखवेल त्याच्या खाली बघा, आधी कुणाची होती आणि का काढली ते विचारा, आणि चढावर नेऊन उतरवल्याशिवाय हात पुढे करू नका. पेट्रोल कमी आहे म्हणाला तर तुम्ही पेट्रोल घेऊन जा. बाप आणि बायको बसायची आहेत तुमची.

पाटील मोटारीपासून मागं सरले. मग त्यांच्या आंधळ्या बापानं ओसरीवरून हात जोडले, कुठल्या दिशेला जोडायचे ते न कळून, भलतीकडेच. ते जेवून गेले. पाटलीणबाईंच्या ओटीत मी नारळ घालू शकत नाही, आता गिरजाही नाही, म्हणून शेजारच्या सवाष्णीला बोलावून घालायला लावला.

शिवाप्पा सामान बांधायला लागला आहे. म्हणाला, तुम्ही माझ्या बहिणीच्या तोंडचा घास काढला. मी म्हणाले, माझं शेत आहे, तिच्या तोंडात घास माझ्या हातचा जाईल. ती मोटार उद्या लोहार तोडून नेईल, गिऱ्हाइकाला नाही, भट्टीत.

मला वाटलं गिरजाही रागावली. ती चुलीपाशी बसून होती, बांधलेलं मनगट मांडीवर घेऊन. मी भाकरी थापायला बसले तशी ती म्हणाली, अक्का, तुमी त्यांना न इचारता सांगितलं. मग माझ्याच पोटात कावून ठेवू?

आणि तिनं सांगितलं. घाट चढतानाच तुला कळलं होतं. एका वळणावर समोरून गाडीबैल आले, तू दाब दिलास आणि मोटार थांबता थांबता थांबली. धारूरला उतरल्यावर तू एकटाच जाऊन खाली वाकून बघून आलास. मावशीचे यजमान म्हणाले, रात्र इथं काढा, सकाळी माझी बैलगाडी देतो, मोटार राहू दे, मिस्त्री बोलावू. आईसुद्धा म्हणाली, मी गाडीत बसते रे, सोसते. आणि तू गिरजाला बाजूला घेऊन म्हणालास, "बैलगाडीत घरी गेलो तर अक्का जन्मभर हसंल. हळूहळू उतरू. तिला सांगू नको."

भाकरी तव्यावर करपली. गिरजाच रडत रडत उठून ती उलटायला गेली.

महालिंगा, म्हणजे तुला दिसलं होतं. एवढ्या उशिरा का होईना, तू हात आत घातलास, ओला कापूस हाताला लागला, आणि तू तो तसाच झाकून ठेवलास. देशमुखापासून नाही, कारभाऱ्यापासून नाही. माझ्यापासून.

हसले असते रे मी. कशाला खोटं बोलू. तू बैलगाडीतून वेशीत आला असतास, आईला उचलून आत नेलं असतंस, आणि मी दारात उभी राहून पोट धरून हसले असते. सगळ्या आळीला बोलावून सांगितलं असतं. जेवताना पुन्हा काढलं असतं, तू ताट सारून उठला असतास, चार दिवस माझ्याशी बोलला नसतास. मग कधी तरी दुकानातून येऊन, बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाला असतास, भूक लागली, अक्का, वाढ.